काचेच्या तंतूवर अडतीस चटके

आमच्या कॉलेजचं इंटरनेट ज्या दिवशी बंद पडलं, त्या दिवशी माझ्या पीएचडीचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. कागदोपत्री नोंदणी होऊन तेव्हा दोन वर्षं उलटली होती. पण त्या दोन वर्षांत मी नुसती वाचत होते आणि मुंबईतल्या माझ्या गाइड सरांना "वाचतेय" असं कळवत होते.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. कॉलेजपुढचा रस्ता न्हावा शेवा बंदराकडे जाणारा, त्यामुळे दिवसभर कंटेनरची रांग. ट्रेलर गेला की खिडक्या थरथरायच्या आणि कुणाचंच काही ऐकू यायचं नाही. शिकवताना मध्येच थांबायची मला इतकी सवय झाली होती की घरीसुद्धा मी वाक्य अर्धं टाकून थांबायचे. नवरा म्हणायचा, "गेला ट्रेलर, बोल आता."

माझा विषय होता ऑप्टिकल डिफरन्शिएटर. लग्नकार्यात कुणी विचारलं तर "फायबरवर काम करते" एवढं सांगून मी जेवणाच्या पानाकडे वळायचे. पण तो सांगायला फारसा अवघड नाही. डिफरन्शिएटर म्हणजे बदलाचा वेग सांगणारी वस्तू. कर्नाळ्याचा डोंगर चढताना आपण किती उंचावर आलो हे ती सांगत नाही, चढ किती खडा आहे ते सांगते. पायथ्याला सपाट, म्हणजे शून्य. निम्म्यावर दम लागतो, तिथे आकडा मोठा. माथ्यावर पुन्हा सपाट, पुन्हा शून्य. उतरताना गुडघे बोलायला लागतात, तिथे आकडा परत मोठा. म्हणजे आत एक टेकडी घातली की बाहेर दोन टेकड्या येतात, आणि मूळचा माथा जिथे होता तिथे नेमकी खिंड पडते.

हे काम साधी सर्किटं रोज करतात. पण माझी टेकडी होती प्रकाशाच्या झोताची. सेकंदाचे दहा लाख भाग करायचे, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख, आणि तेवढ्याशा वेळात येऊन जाणारा तो झोत. सर्किट तयारी करून उभं राहीपर्यंत वरात पुढच्या गावी पोचलेली असते. म्हणून हे गणित प्रकाशाकडूनच करून घ्यायचं. केसाएवढ्या काचेच्या तंतूवर ठरावीक अंतराने बारीक खुणा केल्या, तर प्रकाशातला एक ठरावीक रंग तंतूच्या गाभ्यातून बाहेर गळून जातो. तो पूर्ण गळला, अगदी थेंबही न उरता, तर त्या रंगाच्या झोताचं डिफरन्शिएशन आपोआप होतं. ना चिप, ना वीज. अट एवढीच की गळती पूर्ण हवी. थोडं गळलं, थोडं राहिलं, असं चालत नाही.

या खुणा करायचं लेझर सरांच्या संस्थेत होतं आणि त्याच्यापुढे रांग होती. माझा नंबर येईपर्यंत माझी मुलगी दहावीला बसेल, असा तिथल्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. ती तेव्हा बालवाडीत होती. वाचता वाचता मला एक आडवाट सापडली. टेलिफोनवाले तुटलेले फायबर ज्या यंत्राने जोडतात, त्या स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोकदार कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पडते. त्या ठिणगीने फायबरला ओळीने चटके दिले तरी खुणा होतात. आडवाट उत्तम होती, फक्त आमच्या कॉलेजकडे ते मशीन नव्हतं.

आणि मग एका सकाळी रस्ता खणणाऱ्या जेसीबीने आमची केबल तोडली.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "फायबर तुमचाच विषय ना? जरा बघून या, कधी चालू होणार ते."

गेटबाहेर खड्ड्याच्या कडेला एक मोठी काळी छत्री उघडून ठेवलेली होती. तिच्याखाली गोणपाटावर पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. काळेसावळे, बारीक अंगाचे, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. मांडीपुढे डब्याएवढं यंत्र. ते तंतू सोलायचे, स्पिरिटच्या कापसाने पुसायचे, कापायचे, यंत्रात ठेवायचे, झाकण लावायचे. आत निळसर ठिणगी चमकायची आणि ते मान न उचलता पुढचा तंतू घ्यायचे. मागून ट्रेलर गेला की हात हवेत थांबायचा, धूळ बसली की पुन्हा चालू.

मी इंटरनेटचं विचारायला गेले होते ते विसरले. "हे मशीन तुमचं का?" मी विचारलं.

"ठेकेदाराचं हाय. मी फकस्त वागवतो."

"काका, यात न तुटलेलं फायबर ठेवलं तर ठिणगी देता येते का?"

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "न तुटलेला कशाला जोडायचा, म्याडम?"

"जोडायचं नाही. चटके द्यायचेत. अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर एक, असे तीस-चाळीस."

"म्हंजे चांगली वायर मुद्दाम खराब करायची?"

"हो."

"आनि लॉस येईल त्याचा काय?"

लॉस म्हणजे वाटेत वाया जाणारा प्रकाश. प्रत्येक जोडात तो किती कमी ठेवला यावर या लोकांची पत ठरते. मी म्हटलं, "मला लॉसच हवाय काका. जास्तीत जास्त."

त्यांनी चष्मा वर सारून मला नीट पाहिलं. मग शेजारच्या गोणपाटावर थोडी जागा करून म्हणाले, "बसा. चोवीस जोडायचे हायेत, नऊ झाले. तंवर सांगा काय ते."

मी उन्हात छत्रीखाली बसून सांगितलं. कर्नाळ्याच्या डोंगरासकट. विसाव्या जोडाच्या सुमाराला ते म्हणाले, "आयतवारी मशीन माज्याकडं असते. ठेकेदाराला तुमी फोन करा."

ठेकेदार भला माणूस निघाला. त्या टोकदार कांड्या ठिणग्यांनी झिजतात, तेव्हा नवी जोडी आणून द्या, एवढीच त्याची अट होती.

पहिला रविवार आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढला. फायबर अचूक अर्धा मिलिमीटर सरकवायला महागडं यंत्र लागतं. मी पहिल्या वर्षाच्या फिजिक्स लॅबमधला ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप उचलून आणला. विद्यार्थी ज्याच्यावर केशनळीचा व्यास मोजताना हमखास चुकतात, तोच. त्याच्या सरकत्या पट्टीला फायबरचं एक टोक चिकटवलं. दुसरं टोक मशीनच्या पलीकडून शिलाई मशीनच्या रिकाम्या बॉबिनवरून खाली सोडलं आणि त्याला वजन बांधलं, म्हणजे तंतू ताठ राहावा. कागदावर सगळं झकास. पण रविवार असला तरी बंदराला सुट्टी नसते. दर दोन मिनिटांनी ट्रेलर जायचा, टेबल थरथरायचं, वजन डोलायचं आणि चटका भलतीकडेच बसायचा. दुपारपर्यंत आम्ही अकरा फायबर तोडले.

काका शांतपणे तुकडे गोळा करून डबीत टाकत होते. काचेचा तुकडा पायात गेला तर निघत नाही, ही त्यांची शिस्त. मग म्हणाले, "म्याडम, हितं नाय जमायचं. आमच्या गावाला चला. तिथं मोठी गाडी येत नाय, रस्ताच नाय मोठा."

त्यांचं गाव खाडीकाठी. काका मूळचे मासेमारी करणाऱ्या घरातले. तरुणपणी वडिलांबरोबर होडीवर जायचे. बंदर आलं, भराव पडले, खाडीतली मासळी आटली, आणि काका केबलचे खड्डे खणायच्या कामावर लागले. खणता खणता जोडणाऱ्यांच्या हाताकडे बघत राहिले आणि एका दिवशी जोडणारा आला नाही तेव्हा स्वतःच बसले. "जाळा विणनाऱ्याला हा काय जड?" एवढंच ते त्याबद्दल सांगायचे.

पुढच्या रविवारी मी मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन मिनिडोर रिक्षाने गेले. शेजारी कोळंबीची पाटी घेतलेली बाई होती. तिने दोनदा विचारलं, "शिलाईची मशीन काय?" मी हो म्हटलं.

काकांच्या घरात पुढच्या खोलीत दगडी फरशीवर आम्ही सगळं मांडलं. ट्रेलर नव्हता, थरथर नव्हती. पण खाडीवरचा वारा होता. खिडकी लावली तरी कौलांतून यायचा. वजन पुन्हा डोलायला लागलं. खिडक्या बंद, पंखा बंद, घामाच्या धारा आणि समोर लोलकासारखं हलणारं वजन. मी आणलेली वजनं चकचकीत पितळेची होती. हलायची मात्र एकदम मनापासून.

काका बराच वेळ त्याकडे बघत बसले. मग उठून आत गेले आणि जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आले. पितळी वजन सोडून त्यांनी गोळी बांधली, तांब्या खाली सरकवला आणि गोळी पाण्यात बुडेल अशी सोडली.

"पान्यात असला का डोलत नाय," ते म्हणाले.

खरंच डोललं नाही. पाण्याने सगळी थरथर पिऊन टाकली. पाण्यात गोळी किती हलकी झाली याचा हिशोब मी नंतर वहीत केला, रकाने आखून, वगैरे. पण ते आपलं माझं समाधान. काम तांब्याने केलं होतं.

त्या दुपारी पहिल्यांदा चटके ओळीने पडले. काकांकडे प्रकाश सोडायचं छोटं यंत्र आणि पलीकडे तो मोजायचं मीटर असायचंच. मी मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरवायचे, काका ठिणगी द्यायचे, मग आम्ही दोघं मीटरवर वाकायचो. एकोणिसाव्या चटक्याला निम्मा प्रकाश गळला होता, मीटरवर तीनचा लॉस. या मीटरवर आकडा दहाने वाढला की उरलेला प्रकाश दहापट कमी होतो. तिसाव्याला दहा. पस्तिसाव्याला अठरा. जन्मभर लॉस शून्याजवळ ठेवायला धडपडलेला हा माणूस डोळे मोठे करून म्हणाला, "म्याडम, ठेकेदारानं बघितला तर हाकलील मना."

"अजून, काका, अजून!"

आम्ही हावरटासारखे पुढे गेलो. अडतीस, चाळीस, चव्वेचाळीस. आणि लॉस कमी व्हायला लागला. बाहेर गळलेला प्रकाश पुढच्या चटक्यांनी परत आत यायला लागला होता. माप भरल्यावर थांबायला हवं होतं, ते आम्ही थांबलो नाही. म्हणून दुसरा तंतू घेतला. या वेळी अडतीसवर मीटरचा आकडा तिसाच्याही वर गेला आणि काकांनी स्वतःच हात उचलला. "बास. आता भरती सुरू होईल."

मी इतकी खूश होते की तो तंतू जपण्यासाठी जे सुचेल ते केलं. एका काचपट्टीवर ठेवला आणि वरून, चटके दिलेल्या भागावरच, पारदर्शक डिंकाचा जाड थर दिला. वाटेत धक्का लागून तुटायला नको. दोन दिवस फॅनखाली वाळवला, मऊ फडक्यात गुंडाळला आणि एस.टी.ने मुंबईला नेला.

सरांनी भुवया उंचावल्या. "मासळीच्या गावात ग्रेटिंग?" त्यांनी विचारलं. ग्रेटिंग म्हणजे ती खुणांची ओळ. त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो जोडला, प्रकाश सोडला, आणि पडद्यावरची रेषा शांतपणे सपाट आली. कुठेही खड्डा नाही. माझा तो रंग व्यवस्थित आरपार जात होता, जणू आम्ही त्या तंतूला हातच लावला नव्हता.

"मीटर बिघडलं असेल तिथलं," सर म्हणाले. ते रागावले नाहीत, हीच गोष्ट मला जास्त लागली. "लेझरच्या रांगेत तुझं नाव आहेच."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून कळंबोलीपर्यंत आले आणि ठरवून टाकलं की पीएचडी नसलेल्याही कितीतरी बायका सुखात जगतात. पण काकांना सांगणं भाग होतं. रविवारी गेले, सांगितलं. त्यांनी मान हलवली. "माजं मीटर खोटं नाय बोलत." आणि मुकाट्याने नवा तंतू लावायला घेतला. त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं, आणि मलाही.

अडतीस चटके झाले. मीटरवर एकतीस. आम्ही दोघं त्या आकड्याकडे संशयाने बघत बसलो होतो, तेवढ्यात काकी आत आल्या. काकी म्हणजे त्यांची बायको. या प्रकरणाबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून वाईट होतं. भर दुपारी पंखा बंद करून दोन शहाणी माणसं एका न दिसणाऱ्या दोऱ्याकडे टक लावून बसतात, हे त्यांनी अख्ख्या गावाला सांगितलेलं होतं. त्या मासे धुऊन आल्या होत्या. ओला हात तसाच पुढे करून त्या म्हणाल्या, "हीच काय ती? दिसत त नाय काय." आणि बोट लावलं.

मीटरवरचा एकतीसचा आकडा धाडकन दोनवर आला.

"अगो, मेलीस काय!" काका ओरडले. "तोडलास त्याला!"

"मी नुसता हात लावला! मोडायला काय पापड हाय?"

मी तंतूवर वाकले. तुटला नव्हता. पाण्याचा एक बारीक थेंब मात्र चटक्यांच्या जागी लोंबत होता. काकांनी सवयीने स्पिरिटचा कापूस घेतला आणि तंतू हलकेच पुसला. स्पिरिट उडून गेलं. आकडा हळूहळू चढला. बारा, बावीस, एकतीस.

मग मी म्हटलं, "काकी, परत लावा बोट."

"नाय बाय, परत ओरडतील."

"लावा हो!"

त्यांनी पाण्यात बोट बुडवून लावलं. आकडा दोनवर. पुसलं, एकतीस. असं आम्ही चारदा केलं, आणि चौथ्यांदा मी हसायला लागले ते थांबेचना. काचेच्या तंतूबाहेर हवा आहे की पाणी, यावर गळणारा रंग बदलतो. हे मी दोन वर्षं वाचत होते. परीक्षेत विचारलं असतं तर पानभर लिहिलं असतं. आणि तरी मीच त्या चटक्यांवर डिंकाचा थर थापला होता, प्रेमाने, दोन बोटं जाड. मीटर खरं होतं, तंतू खरा होता. गळती डिंकाने थांबवली होती.

"म्हंजे माजा हात लागला ता बरा झाला?" काकींनी विचारलं.

"फार बरं झालं."

"मग त्यांना सांगा तसा." त्या नवऱ्याकडे न बघता आत गेल्या. त्या दिवशी आम्हाला जेवायला जी कोळंबी मिळाली, तिच्यात तिखट फक्त काकांच्या ताटात जास्त होतं, असं काकांचं म्हणणं.

पुढचा तंतू आम्ही खिडकीच्या पडद्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवला. डिंकाचा थेंब दोन टोकांना, मधला भाग हवेत ताणलेला, वर झाकण. काकांनी वरून कागद चिकटवला आणि माझ्याकडून लिहून घेतलं, 'बोट लावू नये'.

या वेळी मी त्यांना मुंबईला बरोबर नेलं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या तर सर म्हणाले, "राहू द्या, घाला." पण त्यांनी नाही घातल्या. पट्टी जोडली. पडद्यावरची रेषा आली, आणि मधोमध विहिरीसारखा खोल, अरुंद खड्डा. सर पुढे सरकून बसले. नंतर खरी परीक्षा. त्यांच्या लेझरमधून तो क्षणाचाही क्षण असलेला झोत सोडला. इतक्या झटपट गोष्टीचा फोटो निघत नाही. मापं घेऊन संगणकाला त्याचा आकार काढावा लागतो. संगणक बराच वेळ गुरगुरला. आधी आत गेलेल्या झोताचा आकार आला, एक गोल टेकडी. मग बाहेर आलेल्याचा.

दोन टेकड्या. मध्ये खिंड, जवळजवळ जमिनीपर्यंत.

कुणीतरी टाळी वाजवली. काका पडद्याजवळ गेले, बोट न लावता दाखवत म्हणाले, "हा चढताना दम लागतो तो. हा उतरताना गुडघं दुखतात तो. आनि हितं मधी माथ्यावर बसून पानी प्यायचा." आणि सरांकडे वळून, "बरोबर ना?"

सरांनी उभं राहून त्यांना खुर्ची दिली. मला वाटतं, त्या संस्थेत पहिल्यांदाच अनवाणी माणसाला कुणी अशी खुर्ची दिली असेल.

त्यानंतर आम्ही दीडेक वर्षात कितीतरी तंतू केले. चटक्यांमधलं अंतर बदललं, रंग बदलले. एकाला एक जोडून उताराचा उतार काढणारेही केले. त्यातले बरेच फसले. पावसाळ्यात हवाच इतकी ओली असायची की काका सकाळी फोन करून सांगायचे, "आज नाय, म्याडम. आज घरात हवा कमी, पानी जास्ती." प्रबंधातल्या एका आकृतीत तांब्या आहे. सरांनी 'पाण्याचं पात्र' असं लिहायला लावलं, पण चित्र मी काढलं होतं आणि ते तांब्याचंच आहे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. तासभर प्रश्न विचारून झाल्यावर ते इंग्रजीत म्हणाले, "तुमचे सगळे नमुने एकसारखे आलेत. हातानं सरकवून हे होत नाही. थांबायचं कधी, हे कसं ठरवलंत?"

मी म्हटलं, "मीटर बघून. आणि ज्यांनी थांबवलं ते मागे बसलेत."

सगळ्या माना वळल्या. मागच्या रांगेत काका आणि काकी बसले होते. काका गडबडून उभे राहिले. परीक्षकांना मराठी येत नव्हतं. काकांनी आपल्या हिंदीत सांगितलं, "साब, ठिनगी का आवाज बदलता है. पहले का आवाज सूखा आता है, आखिर में जरा नरम. कान से पता चलता है." परीक्षकांनी हे शब्दशः लिहून घेतलं. ते बरोबर होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. मी नंतर कितीदा तरी कान देऊन ऐकलं, मला सगळ्या ठिणग्या सारख्याच वाटल्या.

माझी पीएचडी झाली. या कामावरच्या रिसर्च पेपरमध्ये काकांचं नाव लेखक म्हणून घालावं असं मला वाटत होतं. त्यावर सर आणि मी दोन आठवडे वाद घातला. शेवटी सरांनीच नाव घातलं आणि वर काकांना संस्थेच्या प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली. कायमची नव्हे, कंत्राटी, पण एसी खोलीत, सावलीत. मला वाटलं, चला, गोष्टीचा शेवट गोड झाला.

चार महिन्यांनी काका परत आले. मी धावतच गावाला गेले. कुणी अपमान तर केला नाही ना, ही माझी भीती.

"नाय ओ," ते म्हणाले. "मानसं चांगली हायेत. सर त रोज विचारायचे, जेवलात का. पन तिथं एक तंतू केला का आठ दिस त्याला बगत बसतात. मना कोन फोनच करत नाय तिथं." मग चष्मा पुसत, "हितं केबल तुटली का बँक थांबते, कॉलेज थांबतं, पोरांचे फारम थांबतात. सगली माजी वाट बगत असतात."

मी तीन वर्षं त्यांना सांगत होते की जगातलं सगळ्यात वेगवान गणित आपण तुमच्या पुढच्या खोलीत केलं, आणि ते खरंही होतं. त्यांना ते आवडलंही होतं. पण त्यांच्या मनात मोठं काम कोणतं, याबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं.

त्याच वर्षी कॉलेजने एक जुनं स्प्लायसिंग मशीन घेतलं. मी प्राचार्यांच्या मागे लागून दर गुरुवारी दुपारी काकांचं प्रॅक्टिकल ठेवलं. शेवटच्या वर्षाची वीस मुलंमुली, वीस कात्र्या आणि तुटक्या काचेसाठी वीस डब्या. मस्टरवर त्यांच्या नावापुढे 'अतिथी तज्ज्ञ' असं छापून आलं. ते त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा.

पहिल्या गुरुवारी मी मागे उभी होते. एका मुलीने हात वर केला. "सर, माझा जोड तिरका आलाय."

काकांनी मागे वळून माझ्याकडे आणि दाराकडे पाहिलं, कुठले सर आले म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्म्याची दोरी सारखी केली, तिच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "बगू. पुसलास का नीट? नाय पुसलास."